तबकडीवरची रेघ

यंदा गणपतींचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"अगं, माळा रिकामा करायचाय. अण्णांच्या तबकड्या तू नेतेस, की रद्दीवाल्याला देऊ?"

आईची बोलण्याची रीतच अशी आहे. ती विनंती कधी करीत नाही. दोन पर्याय पुढे ठेवते, आणि त्यांतला दुसरा असा असतो की पहिला आपण निमूटपणे पत्करावा. डोंबिवलीतली आमची इमारत आता म्हातारी झाली आहे. ती पाडून तिथे लिफ्टची उंच इमारत उठायची आहे, आणि तोवर आईला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आहे. त्या खोल्यांना माळा नाही. आईने हे इतक्या शांतपणे सांगितले, की ५० वर्षांचा संसार म्हणजे जणू मुंबईला जाताना घ्यायची पिशवी!

रविवारी गेले. माळ्यावरून लोखंडी ट्रंक खाली उतरवायला शेजारचे दोन तरुण लागले. आत अडतीस एल. पी., पंचेचाळीस फेऱ्यांच्या चौदा लहान तबकड्या, आणि तळाशी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेल्या आजोबांच्या नऊ जड, काळ्या, जुन्या तबकड्या. बाजूला अण्णांचा प्लेअर. त्याची थाळी बोटाने फिरवली तर फिरे, विजेने फिरेना. आतल्या चाकाचा रबर केव्हाच दगड झाला होता.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी शास्त्रशुद्ध शंका काढली. "ह्यातलं सगळं आता फोनवर फुकट ऐकायला मिळतं. हे ओझं कशाला?" चिरंजिवांनी बापाची री ओढली. "आणि सीडी? आई, माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचसुद्धा नाही!"

दोघांचेही खरे होते. पण माझी आई शहात्तर वर्षांची आहे. फोनच्या पडद्यावर बोट फिरवले की तिला हवे ते सोडून भलतेच उघडते. तिला जमते ते एक यंत्र: २००४ साली दादाने पहिल्या बोनसातून आणून दिलेला सीडी प्लेअर. चकती घालायची, बटण दाबायचे. तो स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो आणि त्याला फोडणीचा वास येतो. तेव्हा अण्णांच्या तबकड्या आईपर्यंत पोचवायच्या तर वाट सीडीचीच होती. त्यातून आजोबांच्या नवांपैकी दोन-तीन गाणी फोनवर कितीही शोधली तरी सापडेनात. माझी बाजू तेवढ्याने भक्कम झाली.

आता मी पडले मराठीची प्राध्यापिका. मला ओवी आणि अभंग यांतला भेद सांगता येतो, तारा कुठे जोडायच्या ते सांगता येत नाही. पण आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे एक सर आहेत. त्यांच्या घरी स्वतःचा चांगला प्लेअर आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकवण्याची हौस आहे. त्यांनी प्लेअर दिला, संगणकाला जोडायची लहानशी डबी दिली, आणि 'ऑडॅसिटी' नावाचा कार्यक्रम माझ्या लॅपटॉपमध्ये भरून दिला. हा कार्यक्रम अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली दोघांनी लिहायला घेतला आणि २००० साली तो लोकांसाठी खुला केला. तेव्हापासून तो फुकट मिळतो. ऑडॅसिटी म्हणजे धारिष्ट्य. पंचेचाळिशीतल्या मराठीच्या बाईंनी ध्वनिमुद्रणात हात घालायचा, त्याला दुसरे नाव शोभलेच नसते.

पहिला धडा मिळाला तो धुण्याचा. चाळीस वर्षांची धूळ घेऊन तबकडी वाजवली तर सुई खाचेतून नव्हे, उकिरड्यातून फिरते. शुद्ध केलेले पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि पुसायचे ते खाचेच्या दिशेने, गोल गोल. आडवे कधीच नाही. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचे नाही. एवढे सांगून सर थांबले आणि वर्गात महत्त्वाच्या प्रश्नाला देतात तसा आवाज देऊन म्हणाले, "मॅडम, आजोबांच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका. विरघळतील."

त्याचे कारण मला फार आवडले. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख म्हणजे तीच, आपल्या रानातल्या झाडांवर किड्यांनी केलेली. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या घडवीत. साऱ्या जगाची गाणी कित्येक वर्षे भारतातल्या किड्यांच्या लाखेवर कोरली गेली, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने प्लास्टिकच्या जातीतली, मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची तबकडी बाजारात आणली. तीच आपली एल. पी. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला गाणे मावे ते तीन-साडेतीन मिनिटांचे. एल. पी.च्या एका बाजूला वीस मिनिटे आणि वर थोडी मावतात. रागाला पाय पसरायला जागा मिळाली ती तेव्हा.

दोन्हींची सुईही वेगळी. लाखेच्या तबकडीची खाच रुंद. तिला इंचाच्या तीन सहस्रांश जाडीची सुई लागते. एल. पी.ची सुई एक सहस्रांश किंवा त्याहूनही बारीक. बारीक सुई रुंद खाचेत घातली तर ती तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर अधिक ऐकवते. माझ्या एका मैत्रिणीने नेमके हेच केले आणि 'जुन्या काळी लोक हे ऐकत तरी कसे?' असा निष्कर्ष काढला.

आजोबांच्या तबकड्यांत हिराबाई बडोदेकर होत्या, बालगंधर्व होते, आणि एकीवरचा कागद पार झिजून गेला होता. ह्या जुन्या मुद्रणांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने कलकत्त्याला गौहरजान ह्या गायिकेचे गाणे मुद्रित केले. भारतातल्या पहिल्या मुद्रणांपैकी ते. त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपताच गायिका खणखणीत आवाजात इंग्रजीतून आपले नाव सांगते. कारण असे, की मुद्रणे छापायला जर्मनीत हॅनोवरला जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे ते कळायला हवे. म्हणजे ते नाव गाण्याचा भाग नव्हते, पार्सलावरचा पत्ता होता. पण आज तो पत्ता कापून टाकायला कोणी धजेल का? रागिणी संपते, आणि ती बाई साऱ्या जगाला सांगते की हे मी गायले!

असो. संगणकाकडे वळते.

सुई खाचेतून जाते, तिच्या थरथरण्याची वीज होते, आणि संगणक त्या विजेची मोजणी करतो. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि दर वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी नोंदली जाते. पडद्यावर त्याची निळी रांग उमटत जाते, कुठे जाड, कुठे बारीक. हे आकडे ऐकून आई म्हणाली, "तुझ्या अण्णांना आवडलं असतं. ते हिशेबखात्यात होते." रेल्वेच्या हिशेबखात्यात त्यांनी चौतीस वर्षे काढली.

एक मात्र सांगते. संगणक कितीही चपळ असो, तबकडी आपल्याच चालीने फिरते. चोवीस मिनिटांची बाजू भरायला चोवीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ घरात कोणी दार आपटायचे नाही, नाहीतर धक्का सुईला लागतो. आवाजाची पातळीही आधी जमवावी लागते. फार मोठी ठेवली की रांगेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेले मग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून मी ती जरा खालीच ठेवी. मागाहून वाढवता येते. प्लेअरच्या पोटात आणखी एक काम चाललेले असते. तबकडी कोरताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबतात, नाहीतर त्यांच्या हेलकाव्यांनी खाचेला जागाच पुरायची नाही, आणि बारीक आवाज मुद्दाम वाढवतात. वाजवताना हे उलटवावे लागते. १९५४ साली ह्याचे एक माप अमेरिकेत ठरले, आणि हळूहळू ते सर्वत्र रूढ झाले. तेव्हा मधली ती डबी न लावता तबकडी थेट संगणकात घालाल तर तबला टिचकीसारखा ऐकू येईल.

भरून झाले की पहिली प्रत जशीच्या तशी जपून ठेवायची आणि काम करायचे ते तिच्या नकलेवर. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. हस्तलिखितांवर काम करणारा प्रत्येक जण हे जाणतो.

मग साफसफाई. ऑडॅसिटीत त्यासाठी दोन-तीन हत्यारे आहेत. एक हत्यार टकटक शोधून काढते. दुसऱ्याला तबकडीच्या सुरुवातीची, गाण्याआधीची नुसती खरखर ऐकवायची, 'हा बघ केर' असे सांगायचे, की ते साऱ्या गाण्यातून तसला केर झाडून टाकते. पहिल्याच रविवारी मी हिराबाईंच्या तबकडीवर हे दुसरे हत्यार सपाटून चालवले. खरखर गेली. आणि हिराबाई हौदात बुडून गाताहेत असे वाटू लागले. शब्दाच्या शेवटी बुडबुडे! तंबोरा तर नाहीसाच झाला. संगणकाच्या लेखी तंबोरा आणि खरखर यांत फारसा फरक नाही. दोन्ही सतत चालू असतात, दोन्ही मागे असतात. कोणती ठेवायची आणि कोणती झाडायची हे त्याला कोणीतरी कानाने ऐकून सांगावे लागते.

तिसरे हत्यार दुरुस्तीचे. ते फार थोड्या जागेवर चालते, एका वेळी जास्तीत जास्त १२८ मोजण्या, म्हणजे सेकंदाच्या तीनशेव्या हिश्शाहूनही कमी. टक् झाला तेवढाच तुकडा उचलायचा, आणि अलीकडचा-पलीकडचा सूर पाहून संगणक मधला सांधा भरतो. मूळ तिथे काय होते ते त्याला ठाऊक नसते. तो अंदाज करतो. हे वापरताना मला एकनाथमहाराजांची आठवण होई. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोकांनी घुसडलेले पाठ काढले, आणि शेवटी बजावून ठेवले की ह्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली म्हणून समजा. मी दर दुरुस्तीला स्वतःला विचारी, बाई, ही करवंटी तर नव्हे ना? बरे, हा सगळा खटाटोप घरच्या ऐकण्यापुरता. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो. तेव्हा शेजारणींनी सीडी मागू नयेत.

चौथ्या रविवारी किशोरीताईंची एल. पी. निघाली. किशोरी आमोणकर, एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री.

ही तबकडी मी मुद्दामच मागे ठेवली होती.

ती अण्णांची सर्वांत लाडकी. रविवारी सकाळी न्हाऊन, हात कोरडे करून ते ती कव्हरातून काढीत. दोन तळव्यांत कडा धरून, एखाद्या तान्ह्या मुलासारखी. मखमलीच्या गादीने पुसत. सुईचा दांडा खाली ठेवताना श्वास रोखीत. प्लेअरला हात लावायची घरात कोणालाही परवानगी नव्हती, आम्हां मुलांना नाही, आईलाही नाही. आम्ही हातभर अंतरावर बसायचे आणि ऐकायचे. अण्णा वाईट नव्हते. पण त्यांच्या आयुष्यात मौजेची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू होती, आणि ती मोडेल ह्या भीतीने त्यांनी मौजेभोवती कुंपण घातले होते.

१९८७ सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते कचेरीतून आले तो ही तबकडी दिवाणावर पडलेली. वर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर दादाची कंपासपेटी. उघडलेली, कर्कटकाचे टोक कागदातून आरपार गेलेले. मी तेव्हा आठ वर्षांची होते, दादा तेरा वर्षांचा. अण्णांनी तबकडी लावली. भूप सुरू झाला आणि त्याच्यावर टक् टक् टक् सुरू झाले. "कोणी काढली ही?" दादा म्हणाला, "मला माहीत नाही. पेटी मी टाकली, पण खाली तबकडी आहे हे मला दिसलं नाही." अण्णांनी त्याच्या कानशिलात दिली. दार उघडे होते. जिन्यात शेजारची मंडळी होती. दादाने पुन्हा एकदाच सांगितले, "मी काढली नाही," आणि दुसरी बसली.

त्यानंतर दादा कधी गाणे ऐकायला बसला नाही. रविवारी प्लेअर सुरू झाला की तो गॅलरीत जाऊन उभा राही. पुढे नोकरी लागून बडोद्याला गेला, तिथेच स्थायिक झाला. त्याच्या घरात दूरदर्शन संच आहे, गाण्याचे यंत्र नाही. अण्णा जाऊन चौदा वर्षे झाली. शेवटच्या आजारात दादाने त्यांची सेवा केली, हातांनी सारे केले. पण ह्या तबकडीचे नाव त्या दोघांत कधी निघाले नाही.

मी ती संगणकात भरली. भूप सुरू झाला, आणि पहिल्याच मिनिटात तीन टक् आले. मग शांतता. मग तीन-चार मिनिटांनी दुसरे टकटकणे सुरू झाले, ते जवळजवळ दोन मिनिटे चालले. मोजले: चौसष्ट. लहानपणी मला ते सारे एकच वाटत होते. पडद्यावर मात्र दोन वेगळी कुटुंबे दिसत होती.

दुरुस्ती करण्याआधी मी ते सरांना दाखवले, एवढ्याचसाठी की चौसष्ट एकदम पुसण्याची काही युक्ती आहे का. सरांनी लॅपटॉप पुढे ओढला, दोन टकांमधले अंतर मोजले, आणि युक्ती राहिली बाजूला, त्यांचे डोळे चमकू लागले.

"एल. पी.ची एक फेरी किती वेळाची? साठ भागिले तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश. एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. हे पहिले तीन टक् बघा, बरोबर एक पूर्णांक आठवर पडताहेत. म्हणजे प्लेअरची चाल ठीक आहे, आणि हा ओरखडा टोचल्यासारखा, सरळ आहे. तीन खाचांपुरता."

"कर्कटक," मी म्हणाले.

"असेल. पण आता हे चौसष्ट बघा. प्रत्येक टक् आपल्या वेळेच्या तीन सहस्रांश सेकंद आधी येतो. दर फेरीला! सगळ्याची बेरीज केली तर सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा." त्यांनी हजेरीपत्रकाच्या पाठीवर वर्तुळ काढले. "ही रेघ तिरपी आहे, लांब आहे. थाळी फिरत असताना पडलेली. काही वरून पडून असं होत नाही मॅडम. ही सुईचीच रेघ. वाजत असताना सुई घसरली, आणि तीही बाहेरच्या बाजूला. आत घसरली असती तर टक् उशिरा उशिरा आले असते. कोणीतरी दांडा उचलून जागेवर ठेवायला निघालं होतं, आणि हात हलला. पाचवा हिस्सा सेकंद."

संध्याकाळी घरी जाऊन मी ती तबकडी विजेरीच्या तिरप्या उजेडात धरली. कर्कटकाचा टोचा कडेपाशी दिसला, तिळाएवढा. आणि आत, त्याच्यापासून चांगली दूर, केसाहून बारीक, बोटभर लांब, वळत गेलेली एक रेघ. अडतीस वर्षे ती तिथे होती. अण्णांनी ती विजेरीने कधी पाहिली नाही. पाहायचे कशाला? गुन्हेगार सापडला होता.

मला राग आला तो अण्णांचा. दांड्याला हात लावणारे घरात ते एकटेच. म्हणजे हात हलला तो त्यांचाच, आणि त्यांच्याही ते लक्षात आले नसेल, किंवा आले असेल. आणि मार खाल्ला दादाने. तो सबंध आठवडा मी त्यांच्या तसबिरीकडे धड पाहिले नाही.

पुढच्या रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर लॅपटॉप ठेवून एकेक टक् दुरुस्त करीत होते, आणि बोलता बोलता सरांचा सारा सिद्धान्त तिला सांगून टाकला. अंतर, तिरपी रेघ, बाहेर घसरलेली सुई. "म्हणजे अण्णांनीच," मी म्हणाले.

आईचे हात थांबले नाहीत. चार-पाच काड्या निवडून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णांनी नव्हे. मी."

मी नुसती पाहत राहिले.

"दुपारी तुम्ही शाळेत, ते कचेरीत. मी ऐकत असे. रोज नाही, आठवड्यातून एखाद दिवस. त्यांचं पाहून पाहून सगळं येत होतं मला. त्यांच्यापेक्षा हलक्या हातानं ठेवीत असे सुई." इथे ती किंचित हसली. "त्या दिवशी जिन्यात पावलं वाजली. मला वाटलं, तेच आले. दांडा उचलायला गेले आणि हात कापला. टर्रकन् आवाज झाला. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. दुसरंच कुणीतरी होतं. तबकडी पुसून पाहावी म्हणून दिवाणावर घेतली, तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या, तेव्हा वर पेपर टाकला. मग दूध आलं, मग दादा आला, पेटी टाकून खेळायला गेला…"

"आई, तू बोलली नाहीस."

"नाही बोलले." मेथीची जुडी तिने दुसरीकडे सरकवली. "तो मार खात होता आणि मी कणीक मळत होते. दुसरी थप्पड बसली तेव्हा हात पिठातून काढला होता मी. पण मग काय सांगायचं? रेघ मी ओढली हे सांगायचं, की चोरून ऐकते हे सांगायचं? एक सांगितलं की दुसरं आलंच. त्यानंतर मी प्लेअरला हात लावला नाही. त्याला वाटतं, गाणं त्याचं एकट्याचंच सुटलं."

ह्यावर काय बोलायचे ते मला सुचेना. पडद्यावर चौसष्टांपैकी एकोणीस टक् दुरुस्त झालेले होते. मला वाटले, ती म्हणेल, आता राहू दे, जसे आहे तसे असू दे. मी विचारलेसुद्धा. रेघेसकट प्रत काढू का म्हणून.

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "पुसता येते ना? मग पूस. मला भूप नीट ऐकायचाय. अडतीस वर्षं झाली."

मी पुसत राहिले. प्रत्येक टकापाशी जायचे, रांग मोठी करून पाहायची, इतकी मोठी की सूर नुसत्या ठिपक्यांची माळ दिसू लागतो. त्या माळेत एकच काटा उभा असतो. तो निवडायचा, बटण दाबायचे. माळ पुन्हा सलग. झाडूचे हत्यार ह्या तबकडीवर मी चालवलेच नाही. आलापामागचा तंबोरा मला तसाच हवा होता, आणि त्याच्यामागची जराशी खरखर आईला ऐकूही येत नाही. शेवटी पातळी जमवली, दोन बाजूंचे दोन भाग केले, सीडीच्या मापाने साठवले. एका चकतीवर ८० मिनिटे मावतात. दोन्ही राग बसून जागा उरते. सरांनी सांगितले आहे की घरी भरलेली चकतीही अमर नसते, ऊन आणि उकाडा तिला बाधतो. म्हणून मूळ प्रती दोन निराळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या आहेत. एक माझ्याकडे, एक दादाकडे जायची आहे.

रात्री जेवणे झाल्यावर आई म्हणाली, "दादाला फोन लाव. मीच बोलते."

मी लावून दिला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले, दादा राही तिथे. आतले अर्धेच ऐकू येत होते. "जेवलास का?… हो… अरे, ती तबकडी… किशोरीताईंची… नाही, कंपासपेटीनं नव्हे… मी सांगते ते ऐक आधी…" मग आईचा आवाज फार खाली गेला. मग बराच वेळ कोणी बोलत नव्हते. खालून दोन गाड्या गेल्या. मग आईने "हं… हं…" असे दोनदा म्हटले, पदराने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला.

दादाचा आवाज जरा घोगरा होता. "रेघ पुसलीस म्हणे?"

"आईनंच सांगितलं. चौसष्टच्या चौसष्ट."

"आणि कर्कटकाचं काय?"

"ते तीन आहेत. उद्या पुसते."

"ते राहू दे," दादा म्हणाला. "ते माझे आहेत."

मी बरे म्हटले. तो फोन ठेवीना. मग म्हणाला, "अण्णांचा प्लेअर कुठंय?"

"इथेच. चालत नाही, चाकाचा रबर गेलाय."

"रद्दीवाल्याला देऊ नका म्हणावं आईला. भाऊबिजेला येतोय, तेव्हा माप घेतो. बडोद्याला मिळतो का बघू."